बंदूक ठाण्यात ठेवली त्या साली

गणपती उठले आणि खडकवाडीच्या खाचरांतलं भात निसवलं. लोंबीत दूध भरायला लागलं की त्याचा वास माणसाला येत नाही, पण वरच्या रानातल्या डुकरांना येतो. आधी एखादं जोडपं बांधाच्या कडेनं माती हुंगत जातं, मग एका संध्याकाळी सगळा कळप उतरतो आणि खातो त्याच्या चौपट लोळून तुडवतो. सकाळी पाहिलं तर म्हशी बसून उठल्यासारखं भात चिखलात आडवं झालेलं असतं.

तेजल माळ्यावर बसली होती. माळा म्हणजे खाचराच्या कडेला चार बल्ल्या रोवून वर बांबूची तट्टी आणि पळसाच्या पानांचं छप्पर. पावसाची भुरभुर थांबत नव्हती. तिनं घोंगडी डोक्यावरून घेतली होती आणि बंदूक घोंगडीच्या आत, पोटाशी धरली होती. बंदूक एकनळी, बारा बोरची. तिच्या बापाची, दत्तू गभाल्याची. शेतीसंरक्षणाचा परवाना त्यानं काढला तेव्हा तेजल शाळेतही जात नव्हती. दत्तू आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत चिखलातच छाती धरून बसला आणि गेला. मग बंदूक पोलीस ठाण्यात पडून राहिली. थोरली बहीण वेदिका लग्न होऊन सिन्नरला गेलेली. आई चांगुणाच्या एका डोळ्यात पडदा आलेला. राहिली तेजल. वयात बसल्याबरोबर तिनं नाशिकला खेटे घातले आणि परवाना आपल्या नावावर करून आणला. आता तीन पावसाळे होत आले.

खाली बांधावरून तिचा काका सहादू आला. दत्तूचा धाकटा भाऊ. त्याची खाचरं खालच्या अंगाला, हिच्या खाचरांना लागून.

"आले का?" त्यानं खालूनच विचारलं.

"त्या ऐनाच्या झाडाखाली हलतंय कायतरी."

सहादूनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "हलू दे. जरा उघड्यावर येऊ दे. दादा असाच थांबायचा."

तेजल थांबली. ऐनाखालचं गवत दुभंगलं आणि काळी पाठ दिसली, मागं आणखी. तिनं काडतूस सारलं, नळी आभाळाकडं केली आणि बार काढला. आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. गवतातून सगळा कळप खडखडत वर चढला. पिल्लं मागं पडून किंचाळत होती. वाडीतल्या बायांनी चुलीपुढून मान वर केली असेल आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली असेल. या बारावर सगळी वाडी निवांत होती.

तेजलनं रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं, नळीतून एकदा आरपार बघितलं आणि खाली उतरली. सहादू बांधावर उकिडवा बसला होता.

"तू पुण्याला गेल्यावर हे कोण वाजवणार?" तो म्हणाला.

पुण्याची बातमी दुपारीच मोबाइलवर आली होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या फेरीत तिचा नंबर लागला होता, भूगर्भशास्त्राला. होस्टेलही मिळणार होतं. कशाला दगड शिकायचेत असं वाडीतल्या बायांनी विचारलं तेव्हा तिला नीट सांगता आलं नव्हतं. पावसाळ्यात इथं चार महिने अंगावरचं कापड वाळत नाही, आणि शिमगा झाला की याच बाया विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं हंडा भरतात. एवढं पाणी खडकातून जातं कुठं, हे तिला लहानपणापासून कळत नव्हतं. ते कळून घ्यायचं होतं.

"बघते काहीतरी," ती म्हणाली.

बघायला ती नाशिकला गेली. शस्त्र परवान्याच्या टेबलाशी एक बाई बसत. परवाना करताना तेजलनं इतक्या चकरा मारल्या होत्या की बाईंना तिचा चेहरा ओळखीचा झाला होता.

"शिकायला जाते म्हणतेस. होस्टेलवर नेणार आहेस का?"

"नाही मॅडम, तिथं कोण ठेवू देईल."

"मग घरी कोण असणार?"

"आई. पेटीला कुलूप लावून जाईन."

"आईचं नाव आहे परवान्यावर?"

"नाही."

"मग किल्ली आईकडे राहिली म्हणजे बंदूक आईकडेच राहिली. असं चालत नाही बाळा. तू घरात नसलीस तर एक तर ठाण्यात जमा कर, नाही तर परवाना असलेल्या दुकानदाराकडे ठेव. नाही तर घरातलं कुणी जबाबदार माणूस असेल तर त्याचं नाव घालायला अर्ज कर. चौकशी होईल, मंजूर झाला तर तो वापरेल. पण मंजूर होईपर्यंत ठाण्यातच ठेवायची. तुझ्या माघारी काही झालं तर विचारणार तुला."

घरातलं जबाबदार माणूस म्हटल्यावर तेजलच्या डोळ्यांपुढं सहादू उभा राहिला. परतीच्या एसटीत तिला हलकं वाटत होतं. काका बोलत नसला तरी परवाना पुतणीच्या नावावर झाल्याचं त्याला लागलेलं आहे, हे तिला ठाऊक होतं. बापाबरोबर माळ्यावर रात्री काढल्या त्या काकानं. आणि आता आपल्याच खाचरात डुक्कर उतरलं तर त्याला पुतणीला हाक मारावी लागे. "तेजे, ये गं जरा." ती अभ्यास सोडून येईपर्यंत तो बांधावर हात चोळत उभा राही. आलेल्यागेलेल्यांपुढं त्याला ते कसं वाटत असेल, असं तिच्या मनात अनेकदा आलं होतं.

सहादू जेवायला त्यांच्याकडेच असे. त्याची बायको मीना दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मुलगा नवनाथ नाशिकच्या कंपनीत लागला, नाशिक रोडला खोली करून राहिला आणि सणाला तेवढा यायचा. सहादूच्या घरात चूल पेटायची ती आंघोळीच्या पाण्यापुरती.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. नागलीची भाकर आणि सुकटाचं कालवण होतं. तेजलनं बोलणं काढलं.

"काका, तुमचं नाव घालता येतं परवान्यावर. मी अर्ज आणलाय. तुमची सही आणि फोटो लागतील. मंजूर झालं की तुम्हीच वाजवायची."

सहादूचा घास हातात राहिला. "माझं नाव? त्या पुस्तकात?"

"हो."

"फोटो बी लावत्यात?"

"लावतात की."

त्यानं गालावरून हात फिरवला. खुंट वाढलेले होते. "मंग घोटीला जाऊन दाढी करावी लागल," तो म्हणाला आणि हसला. त्याला हसताना बघून कितीतरी दिवस झाले होते. वरचे पुढचे दात पडलेत हे तेजलला त्या हसण्यात पहिल्यांदा दिसलं.

चांगुणा तव्यावरची भाकर उलटत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "नाय."

"काय नाही?"

"भाऊजींचं नाव नाय घालायचं. बंदूक ठाण्यात जाऊ दे."

"आई, भात दुधात आलंय. आत्ता बंदूक गेली तर—"

"खाऊ दे डुकरांना. मी नाय म्हनते."

सहादूनं हातातला घास परत ताटात ठेवला. तो वहिनीकडं बघत होता आणि ती तव्याकडं. मग त्यानं ताटातच हात धुतला, उठला, दाराशी ठेवलेलं प्लास्टिक डोक्यावर घेतलं आणि बाहेर पडला.

तेजल आईवर उसळली. "काय केलंस तू हे? त्यांच्या तोंडावर? दोन खाचरं तेच नांगरतात आपली. बाबा गेल्यापासून कोण आहे आपल्याला? तुला भीती वाटते का ते जमीन मागतील म्हणून?"

"गप."

"का गप? एवढं माणूस हसलं होतं आज—"

"गप म्हनते ना!" चांगुणानं उलथणं जमिनीवर टाकलं. मग ती दाराकडं गेली, बाहेर बघितलं आणि परत आली. "पेटीची किल्ली कुठं हाय?"

"माझ्या गळ्यात."

"बघू."

तेजलनं गळ्यातला दोरा ओढून किल्ली दाखवली. चांगुणानं ती हातात घेऊन दाबून बघितली, खरी आहे की नाही असं बघावं तशी, आणि मग खाली बसली.

"गेल्या साली तू परीक्षेला गेलतीस," ती म्हणाली. "नाशकात राहिली होतीस मैत्रिनीकडं. किल्ली माझ्याकडं दिलतीस. भाऊजी आले, म्हनले डुकरं उतरलीत, दे. मी दिली. आपलंच मानूस, काय म्हनून नाय द्यायची. दुपारची भाकर घेऊन मी रानात गेले. त्ये माळ्यावर बसले होते. डुक्कर नाय, काय नाय. ऊन पडलं होतं चांगलं. आन बंदूक..." ती थांबली. "बंदूक उलटी धरली होती गं, सोताकडं तोंड करून."

तेजलनं ताट बाजूला सारलं.

"मग?"

"मंग काय. मी खालून म्हनलं, भाऊजी, भाकर आनलीय, खाली या. लय वेळ त्ये बघतच राहिले माझ्याकडं. मी बी हाललं नाय. डोक्यावरची पाटी बी उतरवली नाय. मंग उतरले. मी हात पुढं केला, त्यांनी बंदूक दिली. भाकर खाल्ली. मी समोर बसून ऱ्हायले खाऊस्तोवर. त्या दिवसापासून त्यांनी काय इचारलं नाय, मी काय बोलले नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून? तू त्यांच्याकडं त्या नजरेनं बघितलं असतंस. मानूस नजरेनं बी मरतं." चांगुणानं पदरानं तोंड पुसलं. "दोन येळची भाकर आपल्यात खातात, तवर माझा डोळा हाय त्यांच्यावर. किल्ली मी परत माझ्याकडं ठेवली नाय. तू होतीस म्हनून चालून गेलं. आता तू जानार."

बाहेर अजून उजेड होता. दोघींनी एकाच वेळी दाराकडं बघितलं. बंदूक पेटीत होती, किल्ली तेजलच्या गळ्यात होती, पण रानात विहीर होती, कडा होता. दोघीही काही न बोलता बाहेर पडल्या.

सहादूच्या घराला बाहेरून कडी होती. विहिरीवर कुणी नव्हतं. तेजल काठावर वाकली, पाण्यात तिला तिचंच डोकं दिसलं. चांगुणाला एका डोळ्यानं चिखलात पाय नीट ठेवता येत नव्हता. ती बांधावरून घसरली, गुडघ्यापर्यंत भरली, उठली, पुन्हा चालू लागली. "भाऊजीऽऽ," तिनं हाक मारली. एरवी ती दिराला नावानं काय, नुसती हाकही मोठ्यानं मारत नसे.

"ओ," खालच्या खाचराकडून आवाज आला.

सहादू बांधावर होता. त्यानं घरातल्या जुन्या साड्या आणल्या होत्या, मीनाच्या. एक हिरवी, एक विटलेली जांभळी. एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत तो त्या ताणून बांधत होता. साड्यांचं कुंपण केलं की डुक्कर बुजतं, असं इकडं करतात. ओल्या साडीची गाठ बसत नव्हती. तो दाढेत धरून ओढत होता.

दोघी धापा टाकत त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. त्यानं चिखलानं भरलेल्या वहिनीकडं बघितलं, मग तेजलकडं. तिनं नजर चटकन खाली घेतली, आणि त्या खाली घेण्यातच त्याला कळलं असावं. त्याचा हात गाठीवर थांबला.

"ते टोक धर," तो तेजलला म्हणाला.

तिनं जांभळ्या साडीचं टोक धरलं. पदराला अजून जरीचा काठ होता. अंधार पडेपर्यंत तिघांनी मिळून खालचा बांध बांधून काढला. घरी आल्यावर चांगुणानं भाकर पुन्हा गरम केली आणि सहादू पुन्हा जेवायला बसला.

बंदूक जाणार ही गोष्ट दुसऱ्या दिवशी वाडीत सगळ्यांना कळली. पलीकडचा समाधान, ज्याची खाचरं रानाला सगळ्यांत जवळ, तो दोघा-तिघांना घेऊन दारात आला. तो तेजलपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, शाळेत तिच्या बहिणीबरोबरचा.

"ऐन टायमाला बंदूक घेऊन चाललीस होय?" तो म्हणाला. "एक महिन्यानं भात घरात येईल. तवर घरात राहू दे की. कोण येतंय बघायला इथं? पोलीस इथवर चढून येतात काय?"

"माझ्या माघारी घरात ठेवता येत नाही, समाधानदादा. कायदा आहे तसा."

"मग सहादू काकाचं नाव घाल. नाशिकला सांगितलं म्हणे तुला तसं."

सहादू ओट्याच्या कडेला विळा पाजळत बसला होता. दगडावरचा विळ्याचा आवाज बंद झाला.

"त्यात वेळ जातो," तेजल म्हणाली. "मंजूर होईस्तोवर ठाण्यातच ठेवायची आहे."

"मंग अर्ज तरी दिलास का?"

"नाही दिला."

"का?"

समाधान सहादूकडं वळला. "काका, तुम्ही का गप? तुमचा हक्क हाय."

सहादूनं विळ्याच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला. "मलाच नको," तो म्हणाला. "कागदं, चौकशा. या वयात कोण करतंय."

"मी नाही दिला अर्ज," तेजल मध्येच म्हणाली. "त्यांचं काही नाही. बंदूक माझ्या नावावर आहे, उद्या काही झालं तर माझं शिक्षण जाईल. म्हणून मीच नाही म्हटलं."

समाधाननं तिच्याकडं असं बघितलं की तिचे कान तापले. "शिकली म्हंजे असंच असतंय," तो जाता जाता बरोबरच्यांना म्हणाला, मुद्दाम ऐकू जाईल असा. "स्वतःपुरतं बघायला शिकवतात." त्या दिवसानंतर नळकोंडाळ्यावर बाया ती आली की बोलायच्या थांबत. म्हातारी भागीबाई, जी तिला लहानपणापासून उचलून घ्यायची, तिनंही हंडा उचलून देताना तोंड फिरवलं. तेजलनं ते सोसलं. कायद्याचं नाव पुढं करून आपण काहीतरी झाकलं, आणि झाकायला ते उपयोगी पडलं, याचं तिला मनातून बरं वाटत होतं. पण भागीबाईचं तोंड फिरवणं पुण्याला जाईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

ठाण्यात जायच्या सकाळी सहादू दाढी करून आला. गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

"मी येतो संगं," तो म्हणाला. "पोरीनं एकटीनं बंदूक घेऊन जीपमधी बसू नये."

चांगुणा दारात उभी राहिली. तिनं तेजलकडं बघितलं. तेजलनं नळी दस्त्यापासून सोडवली, दोन्ही भाग वेगळे कापडात बांधले, वरून गोधडी गुंडाळली. काडतुसांची पिशवी तिनं आपल्या दप्तरात परवान्याखाली घातली आणि दप्तर छातीशी अडकवलं. गोधडीचं बोचकं सहादूनं न विचारता उचलून खांद्यावर घेतलं. ती दोघं वळणावर दिसेनाशी होईपर्यंत चांगुणा दारातच होती.

फाट्यावर जीप यायला वेळ होता. पाऊस उघडला होता, तरी झाडं गळत होती. दोघं बंद टपरीच्या फळीवर बसले. बोचकं सहादूच्या मांडीवर आडवं होतं.

"वैनीनं सांगितलं तुला," तो म्हणाला.

तेजलला खोटं बोलवेना. "हो."

समोरच्या डांबरावरून एक खेकडा तिरका चालत पलीकडच्या चारीत उतरला. सहादू तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिला.

"मी काय ठरवून गेलो नव्हतो," तो म्हणाला. "डुकरंच बघायला गेलो होतो. बसलो. ऊन लय दिवसांनी पडलं होतं. समदं भात चमकत होतं. मीना असती तर म्हनली असती, आज गोधड्या वाळत घालू. एवढंच मनात आलं. आन मंग..." त्यानं हातानं काहीतरी झटकल्यासारखं केलं. "कसं झालं ते मला बी नाय सांगता येत."

"आता वाटतं का तसं?"

हा प्रश्न आपण विचारला याचं तेजललाच आश्चर्य वाटलं. सहादूनं रागावून बघितलं नाही.

"कवा कवा. पावसात जास्त. दिवसभर कुनाशी बोलणं नाय झालं म्हंजे." त्यानं बोचक्यावर हात ठेवला. "त्या दिवशी तू म्हनलीस नाव घालते, तवा मला लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आपल्यावर इश्वास टाकला कुनीतरी. मंग वैनी नाय म्हनली. राग आला. साड्या बांधता बांधता वाटलं, तिचं बराबर हाय. माझा मलाच भरवसा नाय तर तिनं कुटून धरावा? ठेव ठाण्यात. तिथंच बरी."

तेजल त्याच्याकडं वळली. "नवनाथला सांगू का मी?"

"त्याला कशाला?"

"त्याला माहीत हवं, काका."

जीपचा हॉर्न खालच्या वळणावर ऐकू आला.

"सांग," तो उठत म्हणाला. "पन फोनवर नको. कंपनीत असतो, आजूबाजूला मानसं असत्यात त्याच्या. समोर बसून सांग."

जीपमध्ये दाटीवाटीनं बसल्यावर शेजारच्या माणसानं बोचक्याला कोपर लागलं म्हणून विचारलं, "काय हाय हो एवढं कडक?" सहादू म्हणाला, "अवजार हाय शेतीचं." आणि ते काही खोटं नव्हतं.

ठाण्यात प्रतिभाताई म्हणून हवालदार टेबलाशी होत्या. त्यांनी सहादूला खुर्ची दाखवली. "बोला काका. बंदूक तुमची?"

"माझी नाय. हिची."

ताईंनी तेजलकडं वर-खाली बघितलं आणि परवाना मागितला. बाकावर बसलेली दोन माणसं पुढं वाकून बघायला लागली. "पोरीची बंदूक," एक जण दुसऱ्याला म्हणाला आणि दोघं हसले. तेजलनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं गोधडी सोडली, नळी उजेडाकडं धरून रिकामी असल्याचं दाखवलं, काडतुसं मोजून टेबलावर मांडली. ताईंनी नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला.

"कारण काय लिहू?"

"शिक्षणासाठी बाहेरगावी."

"कुठं?"

"पुण्याला."

"काय शिकतेस?"

"भूगर्भशास्त्र. जमिनीखालचं पाणी वगैरे."

ताईंनी पेन थांबवलं. "आमच्या गावाला पण ये मग एकदा. तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे." मग पुन्हा लिहू लागल्या. "सुट्टीत आलीस की नेऊ शकतेस. जाताना परत जमा करायची. परवान्याची मुदत संपायच्या आधी नाशिकला नूतनीकरणाचा अर्ज कर, ते विसरतात लोक." त्यांनी पावती फाडली आणि एक शिपाई बंदूक उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला. दस्ता दाराच्या चौकटीला लागून खट् वाजला.

सहादू खुर्चीतून अर्धवट उठला होता. दार बंद झाल्यावर तो पुन्हा बसला. मोकळी झालेली गोधडी त्यानं घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चहा घेऊ?" आणि हॉटेलात त्यानं दोन भजी प्लेट सांगितल्या. खाताना समाधानच्या खाचराचं बोलला, त्याची वरची बाजू साड्यांनी बांधता येईल का, वाडीत आणखी कुणाकुणाकडं जुन्या साड्या निघतील. बोलता बोलता त्यानं तेजलच्या वाट्याची भजीही संपवली.

पुण्याची गाडी नाशिक रोडवरून होती. नवनाथ पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच तिला सोडायला आला. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर तिनं त्याला समोर बसून सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच एकदा म्हणाला, "मला तर म्हणतात, इकडं सगळं ब्येस हाय." गाडी लागली तेव्हा तिची बॅग वर चढवली आणि खिडकीशी येऊन उभा राहिला. "शनिवारी वाडीला जातो मी," तो म्हणाला. गाडी हलली तरी तो तिथंच उभा होता.

पुण्यात पहिले दिवस दगडांचे नमुने ओळखण्यात आणि मेसच्या रांगेत गेले. फोनवर चांगुणा सगळं सांगत नसे, पण थोडं थोडं बाहेर येई. डुकरांनी वरचं मोठं खाचर अर्ध्याहून जास्त नासवलं. साड्या दोन रात्री चालल्या, मग डुकरं सरावली. समाधानचं तर रानाकडचं सगळंच गेलं. तो दारात येऊन नको ते बोलून गेला, तुझं नाव घेऊन. तेजल ऐकत राही. बंदूक असती तर हे भात वाचलं असतं, यात खोटं काही नव्हतं. तिनं मनातल्या मनात ते दोन्हीकडून तोलून पाहिलं. दरवेळी पारडं एकाच बाजूला झुकलं, आणि तरी वरच्या खाचराचं दुःख कमी झालं नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं फोन लावला तेव्हा चांगुणा घरात नव्हती. आवाजाला वारा लागत होता.

"रानात हाय मी," ती ओरडून बोलत होती. "समदी हायेत. आता पाळी लावलीय, समद्यांनी मिळून हाकायचं. समाधान बी आलाय, डबा घेऊन. नवनाथ बी हाय, सुट्टी काढून आला. तुझं जेवण झालं?"

"नाही अजून. आणि काका?"

"भाऊजी? थांब."

फोन बहुतेक तिनं हातात उंच धरला. आधी नुसता वारा आला. मग पत्र्याचे डबे बडवल्याचा आवाज, कुणीतरी शीळ घातली, आणि त्या सगळ्यांच्या वर सहादूचा आवाज चढला. "हेऽऽ हुर्रऽऽ! पळाऽऽ! तुमच्या आयलाऽऽ, परत याल तर बघा!" दम घेऊन पुन्हा, त्याहून मोठ्यानं. मागं कुणीतरी हसत होतं. बहुधा नवनाथ.

तेजल होस्टेलच्या जिन्यात उभी होती. खोलीतली मुलगी पल्लवी ताट घेऊन जाता जाता थांबली. फोनमधला आवाज जिन्यात घुमत होता.

"कोण गं एवढं ओरडतंय?"

"माझे काका," तेजल म्हणाली. तिनं आवाज कमी केला नाही.